संकेतस्थळावर येणाऱ्या फाइलींना आकाराची मर्यादा कशी घालावी

रत्नागिरी तालुक्यातील आंबा बागायतदारांच्या एका संस्थेचे संकेतस्थळ मी काही वर्षे सांभाळत आहे. मोहोर फुटायच्या दिवसांत प्रत्येक सभासदाने त्यावर आपली नोंद नव्याने करायची असते. नोंदीसोबत बागेचे तीन फोटो, सातबारा उतारा आणि भौगोलिक मानांकनाचे वापरकर्ता प्रमाणपत्र अशा पाच फाइली अपलोड कराव्या लागतात. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला हे मानांकन मिळाले. मुंबई-पुण्याची आमची बरीच गिऱ्हाइके पेटी नोंदवताना ते प्रमाणपत्र पाहायला मागतात, म्हणून त्याची प्रत संकेतस्थळावर ठेवावी लागते.

पहिल्या वर्षी आम्ही शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) होतो आणि फाइलींच्या आकाराचा कोणी विचारच केलेला नव्हता. एका सकाळी खाडीपलीकडच्या वाडीतील एका वयस्कर बागायतदारांचा फोन आला. "अहो, नाव भरलंय हो मी, तीनदा भरलं. तरी म्हणतो, नाव भरणे आवश्यक आहे." त्यांच्या घरी रेंज नसल्यामुळे ते प्रत्येक वेळी सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, चढून जात होते, पाचही फाइली निवडत होते, दहा-पंधरा मिनिटे उन्हात उभे राहत होते आणि शेवटी त्यांच्यासमोर रिकामा फॉर्म येत होता. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या पाच फाइलींची बेरीज १८ एमबीच्या आसपास जात होती आणि सर्व्हरवर फॉर्म स्वीकारणाऱ्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेची मर्यादा ८ एमबी होती. ती ओलांडली की पीएचपी फाइलींबरोबर नाव, पत्ता, फोन नंबर असे सगळेच रकाने टाकून देते आणि पुढच्या प्रोग्रॅमला कोरा फॉर्म मिळतो.

मी त्या दिवशी घाईने सर्व मर्यादा १ जीबीवर नेऊन ठेवल्या. ती दुसरी चूक ठरली. एका सभासदाच्या मुंबईत राहणाऱ्या मुलाने फोटोच्या रकान्यात संपूर्ण बागेतून फिरत काढलेला ७०० एमबीचा व्हिडिओ चढवला. तो पाहून इतरांनीही तसेच व्हिडिओ पाठवले आणि पाचव्या दिवशी आमच्या वाट्याची २० जीबी जागा भरली. पाने उघडत होती, पण डेटाबेसला नवी ओळ लिहायला जागा उरली नव्हती. त्या दोन दिवसांतल्या नोंदी आम्हाला फोन करून पुन्हा विचाराव्या लागल्या.

या दोन्ही प्रसंगांनंतर मर्यादा कशी घालावी याची जी रीत मी बसवली, ती येथे क्रमाने देत आहे. उदाहरण पीएचपी आणि इंजिनएक्स (ब्राउझरची मागणी घेऊन पाने पाठवणारा वेब सर्व्हर) यांचे घेतले आहे. इतर साधनांचा उल्लेख जागोजागी येईल. सेटिंगची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत असतात, पण अंडरस्कोर जिथे दाखवले आहेत तिथेच असतात.

आकडा आधी कागदावर ठरवा

मर्यादेचा आकडा सर्व्हर किती सोसतो यावरून ठरवू नये. ज्याच्यासाठी फाइल मागितली आहे त्याला ती वाचता यावी आणि पाठवणाऱ्याला ती पाठवता यावी, या दोन गोष्टींवरून तो ठरतो.

सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. ए-फोर आकाराचा कागद दर इंचाला २०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला, तर १६५४ गुणिले २३३९ पिक्सेलची प्रतिमा तयार होते. गट क्रमांक, क्षेत्र आणि फेरफाराचे बारीक आकडे तिच्यात स्वच्छ वाचता येतात, आणि जेपेग स्वरूपात ठेवल्यास ती सहसा १ एमबीच्या आतच बसते. ६०० ठिपक्यांचे स्कॅन मागून वाचणाऱ्याला काहीही अधिक मिळत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पीडीएफ स्वरूपातच मिळतो आणि त्यात अक्षरे मजकूर म्हणूनच असतात, त्यामुळे तो स्कॅनपेक्षा पुष्कळ हलका असतो. सभासदांना मी तोच मागतो.

बागेच्या फोटोंचे गणित थोडे निराळे आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोनवरचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो आणि साधारण ३ ते ५ एमबी भरतो. मात्र एकाच फोनने काढलेल्या दोन फोटोंचा आकार सारखा येईल असे समजू नये. भाट्ये किनाऱ्यावर काढलेला समुद्र आणि आभाळाचा फोटो हलका येतो, कारण त्यात एकाच रंगाचे मोठे पट्टे असतात आणि जेपेग ते थोडक्या जागेत साठवते. दाट कलमांचा फोटो मात्र पानागणिक बदलत जातो, म्हणून तो बराच जड येतो. तेव्हा मर्यादा ठरवण्यापूर्वी आपल्या संकेतस्थळावर प्रत्यक्षात जशा फाइली येणार आहेत तशा वीस-पंचवीस फाइली गोळा करून त्यांचे आकार पाहावेत. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून आकडा उचलू नये.

यानंतर नेटवर्क. रेंजची एकच कांडी असेल आणि अपलोडचा वेग सेकंदाला २५६ किलोबिट मिळत असेल, तर ४ एमबीची फाइल जायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. माणूस तेवढा वेळ थांबू शकतो. ७०० एमबीचा व्हिडिओ त्याच वेगाने पाठवायचा तर सहा तासांहून अधिक वेळ लागेल. हा हिशेब मांडल्यावर आम्ही एका फाइलसाठी ४ एमबी ही मर्यादा ठरवली आणि व्हिडिओसाठी वेगळा रकाना केला, ज्यात यूट्यूबवरचा दुवा चिकटवता येतो. एखादी गोष्ट नाकारायची असेल तर तिच्यासाठी दुसरी वाट ठेवावी, नाहीतर लोक तीच गोष्ट फोटोच्या रकान्यातून पाठवत राहतात.

आणखी एक निर्णय याच टप्प्यावर घ्यावा. पाचही फाइली एकाच विनंतीत, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरला पाठवलेल्या एकाच खेपेत, पाठवायच्या की एकेक करून? माझे मत ठाम आहे की एकेक पाठवावी. पाच फाइलींपैकी चौथीच्या वेळी रेंज गेली, तरी आधीच्या तीन सर्व्हरवर सुरक्षित राहतात आणि माणसाला सड्यावर पुन्हा चढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय प्रत्येक विनंती लहान असल्यामुळे पुढच्या सर्व थरांतल्या मर्यादाही लहान ठेवता येतात.

आतला आकडा लहान, बाहेरचा थोडा मोठा

ब्राउझरमधून निघालेली फाइल आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचेपर्यंत अनेक दारांतून जाते: वेब सर्व्हर, पीएचपी आणि मग आपला कोड. प्रत्येक दाराला स्वतःची मर्यादा असते आणि सर्वांत लहान मर्यादा प्रत्यक्षात लागू होते. सगळीकडे ४ एमबी लिहून मोकळे व्हावे असे वाटते, परंतु तसे करू नये. बाहेरच्या दारावर अडलेल्या माणसाला इंग्रजीतला, तुटक आणि पुढे काय करावे हे न सांगणारा संदेश मिळतो. आपल्या कोडपर्यंत पोहोचलेल्या माणसाशी आपण मराठीत, नीट बोलू शकतो. म्हणून मर्यादा ओलांडणाऱ्या बहुतेक फाइली आपल्या कोडच्या हाती लागतील इतकी सवड बाहेरच्या दारांना द्यावी, पण त्याहून अधिक देऊ नये. आमची मांडणी अशी आहे: आपला कोड ४ एमबी, पीएचपीची एका फाइलची मर्यादा ५ एमबी, पीएचपीची संपूर्ण विनंतीची मर्यादा ६ एमबी आणि इंजिनएक्सची ७ एमबी.

एमबी म्हणजे नेमके किती बाइट, हेही एकदा ठरवून घ्यावे. पीएचपी आणि इंजिनएक्स १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरतात, त्यामुळे ४ एमबी म्हणजे ४१,९४,३०४ बाइट होतात. काही फोन मात्र १० लाख बाइटांचा एमबी धरून आकार दाखवतात. त्यामुळे फोनवर ४.१ एमबी दिसणारी फाइल आपल्याकडे स्वीकारली जाऊ शकते. यात सभासदाचे काही बिघडत नाही; उलट मोजणी केली असती तर बिघडले असते.

ब्राउझरचे दार

ब्राउझरमधील तपासणी सुरक्षिततेसाठी नसते, कारण ती कोणालाही बंद करता येते. ती माणसासाठी असते. फाइल निवडताक्षणी, एकही बाइट पाठवण्याआधी, तिचा आकार जावास्क्रिप्टला कळतो. निवडलेल्या फाइलच्या साइझ या गुणधर्मात तो बाइटमध्ये मिळतो. तो ४१,९४,३०४ पेक्षा अधिक असेल तर तिथेच थांबवून सांगावे. ज्याचा डेटा मोजून-मापून वापरला जातो, त्याला पंधरा मिनिटांनंतर नकार कळवणे हा अन्याय आहे.

संदेशाचे शब्द विचारपूर्वक लिहावेत. "फाइल अवैध आहे" असे लिहिलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. सातबारा पाठवणाऱ्या माणसाला अवैध हा शब्द वाचून आपल्या जमिनीच्या कागदातच काही गडबड आहे असे वाटते, आणि तसे विचारणारे दोन फोन मला आलेले आहेत. आमचा संदेश आता असा आहे: "हा फोटो ७.२ एमबीचा आहे. येथे ४ एमबीपर्यंतचा फोटो घेता येतो. खालचे बटण दाबल्यास आम्ही तो लहान करून घेऊ." फाइलचा स्वतःचा आकार, चालणारा आकार आणि पुढची कृती या तिन्ही गोष्टी संदेशात असाव्यात. मर्यादा फाइल निवडण्याच्या बटणाशेजारीही आधीपासून लिहिलेली असावी.

फोटो लहान करण्याचे काम ब्राउझरमध्येच कॅनव्हासच्या, म्हणजे त्यातल्या चित्र काढण्याच्या फलकाच्या, मदतीने होते. फोटो कॅनव्हासवर २००० पिक्सेल लांब बाजू धरून काढायचा आणि टू-ब्लॉब या क्रियेने सुमारे ८० टक्के दर्जाचा जेपेग परत घ्यायचा. ५ एमबीचा बागेचा फोटो त्यानंतर बहुधा १ एमबीच्या आत येतो आणि स्क्रीनवर पाहताना फरक जाणवत नाही. येथे एक गोष्ट जपावी लागते. कॅनव्हासमधून बाहेर आलेल्या फोटोत तो कोठे आणि केव्हा काढला याची फोनने केलेली नोंद राहत नाही. जाहिरातीच्या फोटोसाठी हे चांगलेच आहे, कारण बागेचा नेमका ठावठिकाणा जगाला कळत नाही. पण वादळातील नुकसानीच्या नोंदीसाठी फोटो घेत असाल, तर जागा आणि वेळ यांनाच महत्त्व असते. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनंतर कोकणात किती बागायतदारांना मोडलेल्या कलमांचे फोटो दाखवावे लागले, हे आठवले की याचे गांभीर्य लक्षात येईल. अशा फॉर्मसाठी मर्यादा १० एमबीपर्यंत वाढवावी आणि मूळ फाइल जशीच्या तशी घ्यावी. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफलाही हात लावू नये. आकार कमी करण्यासाठी ती पुन्हा लिहिली की स्वाक्षरी ग्राह्य राहत नाही.

पीएचपीचे दार

पीएचपीच्या दोन सेटिंगांची गल्लत सर्वांत अधिक होते. अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ ही एका फाइलची मर्यादा आहे आणि तिचा मूळ आकडा २ एमबी असतो. पोस्ट_मॅक्स_साइझ ही संपूर्ण विनंतीची, म्हणजे सर्व फाइली आणि सर्व रकाने मिळून होणाऱ्या आकाराची मर्यादा आहे आणि तिचा मूळ आकडा ८ एमबी असतो. दुसरी नेहमी पहिलीपेक्षा मोठी असावी. आमच्या मांडणीत त्या अनुक्रमे ५एम आणि ६एम अशा लिहिल्या आहेत. एका विनंतीत किती फाइली चालतील हे मॅक्स_फाइल_अपलोड्स ठरवते. मूळ आकडा २० आहे, आम्ही तो १ केला आहे.

ही सेटिंगे प्रोग्रॅम चालू झाल्यावर आयएनआय_सेट वापरून बदलता येत नाहीत, कारण आपला कोड सुरू होण्यापूर्वीच पीएचपीने विनंती वाचलेली असते. स्वतःचा सर्व्हर असेल तर ती पीएचपी.आयएनआय या फाइलमध्ये लिहून पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) पुन्हा लोड करावे. शेअर्ड होस्टिंग असेल तर बहुतेक ठिकाणी संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरात .यूजर.आयएनआय नावाची फाइल ठेवता येते, किंवा सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावरील मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर वापरता येतो. .यूजर.आयएनआयमधील बदल लगेच दिसत नाही. पीएचपी ती फाइल ५ मिनिटांपर्यंत लक्षात धरून ठेवते. बदल लागू झाला नाही असे समजून लोक घाईने आणखी तीन ठिकाणी आकडे लिहून ठेवतात आणि नंतर कोणता आकडा खरा हे कोणालाच सांगता येत नाही. पाच मिनिटे थांबावे, मग पीएचपीची चालू सेटिंगे दाखवणारे पीएचपीइन्फो पान उघडून खात्री करावी आणि ते पान तिथून काढून टाकावे.

आता कोडमध्ये दोन प्रसंग वेगवेगळे ओळखायचे आहेत. फाइल ५ एमबीपेक्षा मोठी पण विनंती ६ एमबीच्या आत असेल, तर फाइलच्या माहितीतील एरर या रकान्यात १ हा आकडा येतो, म्हणजे यूपीएलओएडी_ईआरआर_आयएनआय_साइझ. इतर रकाने शाबूत असतात, त्यामुळे नेहमीचा संदेश दाखवता येतो. विनंती ६ एमबीच्या वर गेली, तर पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही संच (पीएचपी ज्यांत अनुक्रमे रकाने आणि फाइली ठेवते ते) रिकामे येतात. सड्यावर उभ्या असलेल्या बागायतदारांना "नाव भरणे आवश्यक आहे" असे सांगितले गेले ते यामुळे. म्हणून फॉर्मची कोणतीही तपासणी करण्यापूर्वी, सुरक्षा टोकन तपासण्याच्याही आधी, पहिला प्रश्न हा विचारावा: विनंती पोस्ट प्रकारची आहे, कंटेंट-लेंग्थ, म्हणजे विनंतीत सांगितलेला तिचा आकार, शून्याहून अधिक आहे आणि तरीही दोन्ही संच रिकामे आहेत का? तसे असेल तर कारण बहुतेक वेळा आकार हेच असते आणि तसेच सांगावे. या तीन ओळींच्या तपासणीने आमच्याकडे येणारे निम्मे फोन थांबले.

फॉर्ममध्ये मॅक्स_फाइल_साइझ नावाचा छुपा रकाना ठेवण्याचा सल्ला जुन्या लेखांत आढळतो. ब्राउझर त्याच्याकडे पाहत नाही आणि पाठवणारा तो हवा तसा बदलू शकतो, म्हणून त्यावर वेळ घालवू नये.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांसाठी एवढेच की, मीडिया विभागात नवी फाइल चढवताना दिसणारा कमाल आकार वरील दोन पीएचपी सेटिंगांपैकी लहान आकड्यावरून येतो. तो आणखी कमी करायचा असेल तर अपलोड_साइझ_लिमिट हा फिल्टर आहे. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक संकेतस्थळे) असेल तर नेटवर्क सेटिंगमधील १५०० केबी हा मूळ आकडाही तपासावा. पीएचपी व्यवस्थित असूनही फाइल अडते तेव्हा बहुधा तोच आड येत असतो. पायथन भाषेतील जॅंगो या चौकटीमध्ये फाइल_अपलोड_मॅक्स_मेमरी_साइझ हे नाव फसवे आहे: तो २.५ एमबीचा आकडा फाइल मेमरीत ठेवायची की डिस्कवर उतरवायची एवढेच ठरवतो, फाइल अडवत नाही. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर) फाइली घेण्यासाठी मल्टर वापरत असाल तर लिमिट्समध्ये फाइलसाइझ स्वतः लिहावी लागते, अन्यथा मर्यादाच नसते.

वेब सर्व्हरचे दार

इंजिनएक्समध्ये क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ ही सेटिंग असते आणि तिचा मूळ आकडा १ एमबी असतो. पीएचपीमधले सगळे आकडे वाढवूनही फोटो जात नाहीत अशी तक्रार असेल, तर सर्वप्रथम येथे पाहावे. ती संपूर्ण सर्व्हरसाठी वाढवू नये. मूळ १ एमबी तसाच राहू द्यावा आणि फक्त अपलोडच्या पत्त्याच्या लोकेशन विभागात ७एम लिहावे. विनंती तिथून आतल्या आत पीएचपीच्या विभागाकडे वळत असेल, तर त्या विभागालाही तोच आकडा द्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या वळणावर ती अडते. शून्य लिहू नये. शून्याचा अर्थ येथे मर्यादा नाही असा होतो. बदल केल्यावर आधी इंजिनएक्सच्या चाचणी आज्ञेने फाइलमधील लेखन तपासावे आणि मगच रीलोड करावे.

मर्यादा ओलांडली की इंजिनएक्स ४१३ क्रमांकाचे उत्तर देते. त्या क्रमांकासाठी मराठी पान बनवून ठेवावे, पण त्यावर विसंबू नये. फाइल अजून येत असतानाच सर्व्हर उत्तर देऊन जोडणी बंद करतो आणि ब्राउझर ते उत्तर वाचण्याऐवजी जोडणी तुटल्याचे दाखवतो, असे वारंवार होते. म्हणून जावास्क्रिप्टने अपलोड करताना जोडणी तुटल्याचे कळले आणि फाइल मोठी होती हे आपल्याला ठाऊक असेल, तर संदेशात दोन्ही शक्यता सांगाव्यात.

अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये याच कामासाठी लिमिट-रिक्वेस्ट-बॉडी आहे. तिथे आकडा बाइटमध्ये लिहावा लागतो, म्हणजे ७ एमबीसाठी ७३,४०,०३२. आवृत्ती २.४.५३ पर्यंत तिचा मूळ आकडा शून्य, म्हणजे अमर्याद होता, २.४.५४ पासून तो १ जीबी आहे. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर मूळ मर्यादा ३ कोटी बाइटांची असते. आपल्या सर्व्हरच्या पुढे बसणाऱ्या क्लाउडफ्लेअर सेवेची विनामूल्य योजना १०० एमबीपेक्षा मोठी विनंती पुढे जाऊ देत नाही, पण इतक्या दूरच्या दारावर आपली मर्यादा सोपवण्याचे कारण नाही.

मोबाइल ॲपमधून फोटो बेस-६४ स्वरूपात (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) येत असतील तर एक हिशेब ध्यानात ठेवावा. त्या स्वरूपात आकार एक-तृतीयांशाने वाढतो, म्हणून ४ एमबीचा फोटो ५.३३ एमबी होऊन दारावर येतो आणि आपण दिलेली सवड त्यातच खर्ची पडते. शक्य असेल तर तो नेहमीच्या मल्टिपार्ट पद्धतीने पाठवावा.

आपल्या कोडमधील तपासणी, आणि लहान फाइलीतील मोठा धोका

खरी मर्यादा येथे लागू होते. आधी एरर तपासावी, मग आकार, मग प्रकार, आणि मगच प्रतिमा उघडावी. स्वस्त तपासणी आधी आणि महाग तपासणी नंतर, हा क्रम मोडू नये. प्रकार ओळखताना फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे किंवा ब्राउझरने सांगितलेला प्रकार धरू नये. पीएचपीतील फाइन्फोच्या साहाय्याने आतील मजकुरावरून ओळखावा. आकारासाठी पाठवणाऱ्याने लिहिलेला आकडाही धरू नये. सर्व्हरवर प्रत्यक्ष उतरलेली फाइल मोजावी.

फाइल ४ एमबीच्या आत आहे म्हणून ती निर्धोक आहे असे मात्र होत नाही. जेपेग किंवा पीएनजी ही दाबून लहान केलेली प्रतिमा असते. ती उघडली की प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट मेमरी लागते. १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की ४८ एमबी मेमरी जाते. ५० मेगापिक्सेलचा उघडला की २०० एमबी जाते, आणि पीएचपीची मूळ मेमरी मर्यादा १२८ एमबी असते. कोणी मुद्दाम एकाच रंगाची प्रचंड प्रतिमा तयार केली, तर ती काहीशे केबीत बसूनही सर्व्हरला जेरीस आणू शकते. त्यामुळे आकाराबरोबर पिक्सेलांचीही मर्यादा घालावी. गेट-इमेज-साइझ ही क्रिया संपूर्ण प्रतिमा न उघडता केवळ सुरुवातीच्या नोंदीवरून लांबी-रुंदी सांगते. त्यांचा गुणाकार २ कोटी ५० लाखांपेक्षा अधिक आला तर फाइल परत करावी आणि सभासदाला फोनच्या कॅमेऱ्यातील नेहमीचा दर्जा निवडायला सांगावे. आमच्याकडे या कारणाने अडलेले सर्वच फोटो अगदी भल्या माणसांचे होते. नव्या फोनवर उच्च दर्जाचा पर्याय चुकून चालू राहिला होता, इतकेच. झिप फाइली मी घेतच नाही, कारण त्यांच्या आत काय आणि किती आहे हे उघडल्याशिवाय खात्रीने कळत नाही.

एका फाइलची मर्यादा पुरेशी नसते

४ एमबीची फाइल हजार वेळा चढवली की ४ जीबी होतात. म्हणून प्रत्येक सभासदाला एकूण जागाही ठरवून द्यावी. आमचे साधारण ४०० सभासद आहेत आणि प्रत्येकाच्या पाच फाइली धरल्या, तर अगदी वाईटात वाईट ८,००० एमबी, म्हणजे ८ जीबी लागतील. त्यावर जुन्या वर्षाच्या प्रतींसाठी सवड ठेवून अपलोडसाठी डिस्कवर १५ जीबीचे स्वतंत्र विभाजन केले आहे. ते भरले तरी डेटाबेस दुसऱ्या विभाजनावर असल्यामुळे नोंदी चालू राहतात. माझ्या दृष्टीने संपूर्ण मांडणीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण बाकीच्या सर्व मर्यादांमध्ये कुठे चूक राहिली तरी येथे नुकसान अडते. विभाजन ८० टक्के भरले की मला ईमेल येतो. कोणी नवी फाइल चढवली की त्याच रकान्यातील जुनी फाइल काढली जाते, आणि अर्धवट राहिलेल्या नोंदींच्या फाइली आठवड्यातून एकदा साफ होतात.

इंजिनएक्स येणारी विनंती पूर्ण होईपर्यंत डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरात उतरवते, आणि पीएचपीचेही स्वतःचे तात्पुरते फोल्डर असते. ही दोन्ही फोल्डरे कोणत्या विभाजनावर आहेत ते पाहून ठेवावे.

चाचणी

आकडे लिहून झाले म्हणजे काम झाले असे समजू नये. लिनक्सवर ट्रंकेट या आज्ञेने हव्या त्या आकाराची फाइल क्षणात तयार होते. ३.९, ४.१, ५.२, ६.५ आणि ३० एमबीच्या पाच फाइली कराव्यात. ब्राउझरमधील तपासणी काही वेळ बंद ठेवून त्या एकेक पाठवाव्यात आणि प्रत्येक वेळी कोणते दार बोलले हे लिहून ठेवावे. ४.१ला आपल्या कोडने, ५.२ला एरर क्रमांक १ने, ६.५ला रिकाम्या संचांच्या तपासणीने आणि ३०ला इंजिनएक्सने अडवले पाहिजे. या फाइली खऱ्या प्रतिमा नसल्यामुळे ३.९ची फाइल आकारात उत्तीर्ण होऊन प्रकाराच्या तपासणीत अडेल. तसे झाले तर तपासण्यांचा क्रमही बरोबर आहे हे कळते. यानंतर खऱ्या फोटोंनी तीच चाचणी पुन्हा करावी.

शेवटची चाचणी कार्यालयातील वायफायवर करू नये. मी दर वर्षी नोंदणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी खाडीपलीकडे जातो, सड्यावर उभा राहतो आणि एका साध्या फोनवरून पाचही फाइली पाठवतो. प्रगती दाखवणारी पट्टी खरोखर पुढे सरकते का, मध्येच रेंज गेली तर तिसरी फाइल पुन्हा तिथूनच पाठवता येते का, आणि उन्हात स्क्रीनवरचा संदेश वाचता येतो का, हे तिथेच कळते. गेल्या वर्षी संदेशाचा फिकट राखाडी रंग तिथे मुळीच दिसत नव्हता, तो मी परत येऊन काळा केला. नोंदणी सुरू झाल्यावर नाकारलेल्या प्रत्येक फाइलचा आकार, कारण आणि सभासद क्रमांक एका नोंदवहीत पडत जातो. रोज संध्याकाळी मी ती पाहतो आणि एकाच क्रमांकावर तीन नकार दिसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी फोन करतो.